कैफ काढणारा हरिभाऊ

हरिभाऊ राऊत होळीचा. होळी म्हणजे गाव, सण नव्हे. वसईबाहेरच्या माणसाला हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. घरची पानवेलीची आणि केळीची वाडी होती. चार भावांत वाटणी झाली तेव्हा याच्या वाट्याला विहिरीपलीकडचा तुकडा आला. विहीर थोरल्याकडे गेली. रोज भावाच्या दारात पाण्यासाठी उभं राहणं याला जमेना. १९८३ साली तो सायकलवर बसला, वालीवला आला आणि दारूच्या कारखान्यात टाकीवर लागला.

स्वतः थेंब घ्यायचा नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायचा, "सुईण काय स्वतःच बाळंत होत बसते?"

कारखाना लहान होता. पत्र्याची शेड, बाटल्या धुण्याचा हौद, लेबलं चिकटवायचं टेबल आणि पाचशे लिटरची स्टीलची टाकी. मी हौदावर होतो. टाकी हरिभाऊची. ती दुहेरी पत्र्याची होती, मधून गरम पाणी फिरायचं, म्हणजे आतला साखरेचा पाक पातळ राहायचा. ढवळायला यंत्र नव्हतं. पाचूबंदरचा आलोशियस आमचा टेम्पो चालवायचा, त्याने घरचं एक जुनं वल्हं आणून दिलं होतं. त्या वल्ह्याने हरिभाऊ एका पाकाला तीनशे फेरे द्यायचा, सगळे एकाच दिशेने. मध्ये कुणी बोललं तर उत्तर द्यायचा नाही. आकडा चुकला तर पुन्हा एकपासून. एकोणीस वर्षांत त्याचा एक पाक करपला नाही. कामाची अशी माणसं मी फार पाहिली नाहीत. डोक्याने मात्र तो सरळ होता. सरळ म्हणजे वल्ह्यासारखा.

२००२ साली उमंगशेठच्या डोक्यात कॉफी शिरली. थोरले शेठ वारले होते आणि कारखाना या पोराकडे आला होता. मुंबईच्या कुठल्याशा बारमध्ये त्याने दारूत कॉफी घालून पिणारे लोक पाहिले. झालं. रमसारख्या स्पिरिटात कडक कॉफी, साखर आणि पाणी घालून हरिभाऊच्या टाकीत नवा माल निघाला. नाव ठेवलं 'नाईट शिफ्ट'.

लेबलांच्या टेबलावर मंदा होती. मूळची राजापूरकडची, राहायला तुळिंजला. तिने पहिली बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "आजवर पिऊन आलेला नवरा निदान झोपायचा तरी. आता पिऊन जागा राहणार. शेठ, बायकांनी काय पाप केलंय?"

माल बाजारात जायच्या आत खात्याचं पत्र आलं. दारूवर नजर ठेवणारं जे खातं असतं, त्याचं. उमंगशेठला सरकारी मराठी वाचता येत नव्हतं. तो चुलतभावाच्या लग्नासाठी राजकोटला निघाला होता, एक पाय गाडीत होता. पत्र त्याने हरिभाऊच्या हातात कोंबलं.

"हरिभाऊ, यात लिहिलंय ते करून टाका. पत्र आणणारा शिपाई सांगून गेलाय, नववा दिवस लागला की इन्स्पेक्टर सॅम्पल न्यायला येईल. माल सील झाला ना, तर ही टाकी भंगारात देईन. मग टाकीवाल्याला ठेवून मी काय करू?"

हरिभाऊ तेव्हा पंचावन्नचा. वाडीच्या तुकड्यावर बायको, यमुनावहिनी, अबोली लावायची. त्यालाही पाणी थोरल्या भावाचंच. टाकी गेली असती तर हा माणूस पुन्हा त्याच विहिरीवर भावापुढे उभा राहिला असता. ते त्याला मेल्याहून मेलं. म्हणून त्याने पत्र तीनदा वाचलं. मग आम्हाला हौदाजवळ बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं: "सदर मद्यातील कैफीन पूर्णतः काढून टाकावे. अन्यथा साठा नष्ट करण्यात येईल."

कुठल्या टेबलावर कुणी टाइप केलं देव जाणे, पण अक्षर न् अक्षर असंच होतं. कैफीन.

"कैफीन म्हणजे काय?" मी विचारलं.

"कैफ," हरिभाऊ म्हणाला. "नशा. जुना शब्द आहे. माझे वडील म्हणायचे, कैफ चढला. सरकारी कागदात त्याला शेपूट लावतात."

मंदा म्हणाली, "म्हणजे दारूतून नशा काढा?"

"तसंच लिहिलंय."

"मग दारू करायची कशाला?"

"ते सरकारला विचार. आपल्याला काम सांगितलंय."

खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सरकारच ते. उद्या मिठातून खारटपणा काढा म्हणेल, आणि तीन प्रतींत. मंदाला तेवढी शंका होती. म्हणून हरिभाऊने ऑफिसातून राजकोटला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"शेठ, पत्रातलं ते काढायचं ना? सगळं?"

"सगळं काढा! एक थेंब ठेवू नका!" शेठ ओरडला आणि नाचायला गेला.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ कामाला लागला. टाकीचं झाकण उघडं टाकलं. गरम पाणी एवढं वाढवलं की पत्र्याला हात लावता येईना. खिडक्या उघडल्या, दोन्ही पंखे बाहेरच्या बाजूला वळवले, बिडीवाल्यांना फाटकाबाहेर काढलं. वाफेबरोबर स्पिरिट उडतं, हे त्याला टाकीवर राहून ठाऊक होतं. पातळी खाली गेली की तो साधं पाणी घालायचा आणि वल्हं धरायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाला अर्धा तास. सहा दिवस. तळहाताची सालं निघाली, तेव्हा फडकं गुंडाळलं. मी दोनदा म्हटलं, दे, मी धरतो. म्हणाला, "तुझा फेरा डावीकडून येतो."

शेजारी लेथचा कारखाना होता. तिथली माणसं तिसऱ्या दिवसापासून आमच्या भिंतीला टेकून डबे खाऊ लागली. एकाने तर सुट्टी असून हजेरी लावली.

किती कैफ उरला हे बघायला आमच्याकडे आलोशियस होता. रोज सहा वाजता पेलाभर.

"हाय अजून," तो म्हणायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "हाय, पन रुसलाय." सहाव्या दिवशी त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि टोपी काढली.

"हरिभाव, ही तं माझ्या म्हातारीची काफी! आमच्या येशूने काना गावच्या लग्नात पान्याची वाईन केली. तू वाईनचं पानी केलंस. तो सोर्गात गेला. तुझं कठीण हाय."

शेठ आणि इन्स्पेक्टर एकाच दिवशी आले. सुमेध वाघचौरे नावाचा तरुण इन्स्पेक्टर होता. त्याने तीन बाटल्या भरल्या, लाखेने बंद केल्या, त्यात कॅफिन तपासणार असं ऑफिसात शेठला सांगितलं आणि घेऊन गेला. तो गेल्यावर शेठने चव घेतली. मग त्याचं तोंड असं झालं की मी हौदाकडे वळलो.

"स्पिरिट कुठाय?"

"काढलं," हरिभाऊ म्हणाला. "पत्राप्रमाणे."

"कॅफिन काढायचं होतं! कॅफिन! कॉफीत असतं ते! कॉफी न घालता नवा माल करायचा, एवढंच!"

"मग कॉफी असं लिहायचं. मी टाकीतला माल बदलून दिला असता एका दिवसात. मला सहा लागले."

शेठने त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. हरिभाऊने वल्हं धुतलं, भिंतीला उभं केलं आणि सायकल काढली. टाकीवर शेठने आपल्या मेव्हण्याला, विघ्नेशला, बसवलं. कॉलर इस्त्रीची होती. पाक उकळत ठेवून तो फोनवर बोलायचा.

तीन आठवड्यांनी वाघचौरे तपासणीचा कागद घेऊन आला. खुर्चीवर बसला आणि कागद टेबलावर पसरला.

"शेठ, मद्य शून्य. कॅफिन जसंच्या तसं. आमचं पत्र तुम्ही बरोब्बर उलटं पाळलंत."

"मग गुन्हा?"

"दारूत कॅफिन नको, असं आमचं म्हणणं. इथे दारूच नाही. कॉफीत कॅफिन असायचंच, तिथे आम्ही कोण? पण तुमच्याकडे आलेलं स्पिरिट गेलं कुठे? चोरून विकलं असं वरचे म्हणतील. कारखाना बंद, आणि तुम्ही आत. ज्याने हे केलं तो स्वतः सांगून सही देत असेल तर बघतो."

शेठने आलोशियसला टेम्पो घेऊन होळीला पिटाळलं. हरिभाऊ आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. अबोलीच्या आळ्यात पाणी सोडत होता, भावाने दिलेलं. त्या तीन आठवड्यांबद्दल तो एवढंच बोलला की थोरला रोज विचारतो, आज किती बादल्या?

"स्पिरिट कुठे गेलं?" वाघचौरेने विचारलं.

"हवेत, साहेब. वालीवच्या. शेजारी लेथवाल्यांना विचारा, त्यांनी सहा दिवस त्याच्याशी भाकरी खाल्ली." मग खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. "हे वाचा. कैफ म्हणजे काय?"

"नशा."

"आणि काढून टाकावे म्हणजे?"

वाघचौरेने पत्र उजेडात धरलं. खालची सही त्याच्याच साहेबाची होती. गुन्हा नोंदवला तर हा कागद वर जाणार, हे त्याला आमच्याआधी कळलं. त्याने खोकल्यासारखं केलं, पण ते हसूच होतं. मंदा तर टेबलाखाली लेबल शोधायला गेली.

"लिहा," तो म्हणाला. "पत्राचा अर्थ असा समजून मी स्वतः सहा दिवस मद्य उडवलं. चोरी नाही, विक्री नाही. आणि सही करा."

शेठने घाईघाईने पेन पुढे केलं. हरिभाऊने ते घेतलं नाही.

"सही साहेबांसाठी करतो. पण आधी तुमच्याशी बोलायचंय, शेठ. उद्यापासून टाकीवर मी. तीन आठवड्यांचा खाडा मांडायचा नाही. सरकारी पत्र यापुढे मंदा वाचणार, माझ्या हातात द्यायचं नाही."

"कबूल. करा सही."

"थांबा. टाकी बघू."

तो टाकीजवळ गेला आणि आत डोकावला. तळाला बोटभर जाडीचा पाक करपून काळा झाला होता. इतका वेळ तो शांत होता. आता त्याचे कान लाल झाले.

"हे कुणी केलं?"

सगळ्यांनी विघ्नेशकडे बघितलं.

"हे त्याने काढायचं," हरिभाऊ म्हणाला. "मी नाही. पाण्याची पिचकारी नाही, तारेचा घासणा. मग सही."

शेठने इन्स्पेक्टरकडे बघितलं. इन्स्पेक्टरने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला. विघ्नेशने इस्त्रीच्या बाह्या दुमडल्या, टाकीत उतरला आणि घासू लागला. दोन तासांनी घामाघूम होऊन वर आला.

हरिभाऊने वाकून बघितलं. "कोपरा राहिलाय."

"गोल टाकीला कोपरा कुठला?" विघ्नेश ओरडला.

"तळाला सांधा आहे तिथे. हात घाल."

विघ्नेश पुन्हा आत उतरला. हरिभाऊने मग सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्यानंतर पाच वर्षं, साठाव्या वर्षापर्यंत, टाकी त्याच्याकडेच राहिली.