वास्करच्या नावाने

आमच्या गावात बेसबॉलवाली पोरं वर्षं काढतात. वर्षं जगात सगळेच काढतात म्हणा, पण आमच्याकडे ती कागदावरून काढतात. एकोणीस वर्षांच्या खेळाडूकडे अमेरिकन क्लबांची माणसं ढुंकून बघत नाहीत, त्यांना सोळाचा हवा. मग एकोणिसातून तीन काढायची, झालं. साखर कारखान्याच्या वसाहतीत कुठल्याही घरात विचारा, कोणी ना कोणी काढलेली सापडतील. त्यात कोणाला पाप वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. आणि हे आधीच सांगून टाकते, माझ्या भावांचे कागद बदलायची अक्कल माझीच होती.

मी मिरेया, तिघांत थोरली. माझ्या पाठचा एलिहियो, आणि त्याच्यानंतर तीन वर्षांनी वास्कर. एलिहियो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, जिथे सगळ्यात जास्त चेंडू सुसाटत येतात. आमचं मैदान म्हणजे उसाच्या गाड्या वळवायची जागा. दगड, चिपाडं, चाकोऱ्या. चेंडू आपटला की कुठे उडेल हे देवालाही माहीत नसायचं, पण एलिहियोला असायचं. बॅट मात्र त्याची बेताचीच. चेलो नावाचा एक माणूस गावातली पोरं हेरून अमेरिकन क्लबांना दाखवायचा. तो म्हणाला, "हिरा आहे गं तुझा भाऊ, पण म्हातारा हिरा आहे."

मी आईच्या डब्यातून वास्करचा जन्मदाखला काढून चेलोच्या हातात ठेवला. वास्करला खेळाचं वेड नव्हतंच, त्याला मोटारसायकली खोलून पसारा मांडायला आवडायचं. त्याला विचारलं, तर म्हणाला, घ्या की, मी कुठे तो वापरतोय. सोळा वर्षांच्या पोराला काय कळणार? मला तेवीस वर्षांच्या घोडीला कळायला हवं होतं.

तर एलिहियो हा वास्कर मोहिका होऊन अमेरिकेला गेला, आणि खऱ्या वास्करला एलिहियोचं ओळखपत्र घेऊन एका दिवसात तीन वर्षांनी मोठं व्हावं लागलं. त्याने त्याचीही मजा केली. हिवाळ्यात एलिहियो परत येऊन इथल्या लीगमध्ये खेळे आणि ते सामने रेडिओवर लागत. निवेदक "वास्कर मोहिका!" म्हणून ओरडला की आमचा वास्कर किराणा दुकानासमोरच्या खुर्चीवरून उठून चारी दिशांना वाकून नमस्कार करायचा. लोक पोट धरून हसायचे. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण वेशीबाहेर कोणी तोंड उघडत नव्हतं.

एलिहियोचे आठ उन्हाळे अमेरिकेच्या बारक्या गावांत, बसच्या सीटवर गेले. शॉर्टस्टॉपवरून त्याला सेकंड बेसला सरकवलं, मग थर्डला. ज्याचा पाय मुरगळेल त्याच्या जागी एलिहियो. मोठ्या लीगचा दरवाजा दरवर्षी एक बोट किलकिला व्हायचा आणि बंद व्हायचा. फोन आला की सांगायचा, यंदा नक्की.

मधल्या काळात वास्करला मुलगी झाली. तिच्या दाखल्यावर बापाचं नाव लागलं एलिहियो. वास्कर मला म्हणाला, "बघ, माझी पोरगी माझी पुतणी झाली." हसत म्हणाला, पण त्याच संध्याकाळी त्याने भावाला फोन करून आपलं नाव परत मागितलं. एलिहियो म्हणाला, एवढा मोसम होऊ दे. असे तीन मोसम झाले.

तिसऱ्या मोसमात, ऑगस्टमध्ये, खडीच्या ट्रकने वास्करच्या मोटारसायकलला उडवलं. चोवीस वर्षांचा होता. खिशात ओळखपत्र एलिहियोचं, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर एलिहियो आणि थडग्यावरच्या क्रूसावरही एलिहियो.

पुढे नऊ दिवसांची प्रार्थना. ती सांगायला गावातली एक जाणती बाई येते, दोन्या तेमिस, आणि प्रत्येक फेरीला ती गेलेल्याचं नाव मोठ्याने घेते. नाव घेतल्याशिवाय जीवाला कळणार कसं की हे आपल्यासाठी आहे? आईने पहिल्याच दिवशी सांगितलं की नाव वास्करचंच घ्यायचं. मी तिचा दंड धरून तिला मागच्या खोलीत नेलं. शेजारी आमच्यासाठी खोटं बोलत होते, पण देवापुढे घेतलेलं नाव त्यांनी कोणापुढे नाकारलं नसतं. आणि क्लबची माणसं त्या वर्षी खेळाडूंच्या खऱ्या वयाची घरोघर चौकशी करत हिंडत होती.

मी म्हटलं, "एक पोर गेलंच आहे आई. दुसऱ्याचं खेळणं तरी राहू दे."

नऊ दिवस आई भिंतीला टेकून बसली. तिच्या जिवंत पोराच्या आत्म्याला शांती मागितली जात होती आणि मेलेल्याला कोणी हाक मारत नव्हतं. एलिहियो आला नाही. तीन आठवड्यांनी त्याला मोठ्या लीगमध्ये बोलावणं आलं. अकरा सामने खेळला. सगळा गाव नाचला, आमच्या घरात आईने रेडिओ लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी तिथल्या एका खेळाडूचा गुडघा गेला आणि जूनपासून एलिहियो रोज थर्ड बेसला उभा राहायला लागला. नऊ वर्षं ज्याच्यासाठी घासली, ते अखेर त्याच्या हातात होतं. आणि ऑगस्टमध्ये वर्षाची प्रार्थना आली.

वर्षभर आई घास चिवडत होती. म्हणायची, माझं पोर दारात उभं आहे, त्याला आत ये म्हणणारं कोणी नाही. मी पुन्हा तिला समजवायला गेले, हो, गेले, एवढी निर्लज्ज झाले होते. ती चपला घालून दुकानात गेली, फोन लावायला लावला. मी मागोमाग पळाले.

"वर्ष भरतंय," ती फोनात म्हणाली. "कोणाच्या नावाने करू?"

मग एलिहियोचा आवाज आला, मला बाजूलासुद्धा ऐकू आला.

"ज्याचं आहे त्याच्या नावाने कर. मी येतो."

तो आला, आणि पुन्हा परत जाऊ शकला नाही. प्रार्थनेतल्या नावाची बातमी क्लबपर्यंत पोचली, व्हिसा रद्द झाला, क्लबने नाव काढून टाकलं. कागदोपत्री तो मेलेला, तेव्हा जिवंत व्हायलाच त्याला कोर्टात चार वर्षं लागली. आज तो बंदरावरच्या एका गोदामाच्या फाटकावर पहारा करतो. वय कमी केलेल्यांतले कित्येक जण निभावून गेले, मोठाली घरं बांधून बसलेत. त्यांचा मला राग येतो आणि माझा त्याहून जास्त येतो.

वर्षाची ती प्रार्थना दुपारी चारला होती. अंगणात पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफी आणि आल्याचा चहा फिरत होता. वास्करची मुलगी आईच्या मांडीवर होती. एलिहियो सगळ्यात मागे, फाटकापाशी उभा होता. पुढे ये म्हटलं तरी आला नाही. लोक त्याच्याकडे वळून बघत नव्हते, तेवढी मेहेरबानी फार होती.

दोन्या तेमिसने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हणाली, "वास्कर मोहिका."

"ओ," मागून आवाज आला.

नऊ वर्षं त्या नावाला त्याने ओ दिली होती. हजेरीला, सामन्याआधीच्या यादीला, डॉक्टरला, बसवाल्याला. तोंडातून निघून गेलं. कोणी हसलं नाही. दोघा भावांचा आवाज लहानपणापासून सारखाच होता, फोनवर माझी नेहमी फसगत व्हायची. आई झटकन मागे वळली, आणि वर्षभरात पाहिला नव्हता असा तिचा चेहरा उजळला.

मग तिला दिसलं की तो एलिहियो आहे.