पहिली शिलाई

शहागंजात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला मी एकदाच भेटलो. पट्टा ताणणं, सुई बसवणं, गिऱ्हाईकाला धीर देणं, हे सगळं त्याच्या भाषेत ‘सेट करणं’ होतं.

पिशोरहून आलेली बाई रडवेली झाली होती. “भाऊ, टाके सुटायलेत. उद्या भाचीचं लग्न हाय, तिचं ब्लाउज अर्धंच झालंय.”

“आधी तुम्ही सेट व्हा, ताई. चहा घ्या.”

तासाभरानं त्यानं मशीनवर स्वतःचा ॲप्रन ठेवला. त्यावर रंगीबेरंगी टाक्यांच्या रांगा होत्या. दुरुस्तीनंतरची पहिली शिलाई गिऱ्हाईकानं त्याच ॲप्रनवर घालायची, हा त्याचा नियम.

लाल टाके सरळ पडू लागले. बाई हसली आणि शिवायची थांबेचना.

“ताई, बस की! नवरीला दोरा ठेवा थोडा.”