फाटकावर पारखलेली बंदूक

माझी नणंद आर्लिस हिला कुणी बसायला खुर्ची दिली, तर ती आभार मानत नाही, भांडायला उठते. मेंढ्यांमागे जन्म गेलेली बाई. जेवते उभ्याने, फोनवर बोलते उभ्याने, आणि चर्चमध्ये पाद्री "उठा" म्हणायच्या आत उभी असते. तिच्या भावाशी लग्न करून मी या घरात आले तेव्हा तिने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "अशी बसून काय राहिलीस? पाय दुखतात का?" त्या दिवसापासून आमचं भांडण चालू आहे, आणि तिच्याशिवाय माझं पानही हलत नाही.

अशा बाईला आमच्या नेमबाजीच्या क्लबाने खुर्ची दिली.

मोंटानाच्या आमच्या भागात शरद सरता सरता आर्लिसच्याच कुरणात लांब पल्ल्याच्या नेमबाजीची स्पर्धा होते. पलीकडच्या टेकडीवर लोखंडी पाट्या टांगलेल्या असतात, आणि अलीकडे कुरणात जे काही पडलेलं असेल त्याच्या आधाराने गोळी झाडायची. कधी ट्रॅक्टरच्या टायरवरून, कधी पालथ्या घातलेल्या पाण्याच्या टाकीवरून, आणि शेवटी मेंढ्यांच्या वाड्याच्या लोखंडी फाटकावरून. वेळ बांधलेली असते. दुर्बिणीपाशी बसलेला माणूस पाटीवर गोळी बसली की ओरडतो, "लागली!" चुकली तर गप्प राहतो. जिंकणाऱ्याचं नाव नांगराच्या जुन्या तबकडीवर कोरून स्वयंपाकाच्या शेडमध्ये टांगतात. ती अक्षरं मी ठोकते, कारण गावात बंदुका दुरुस्त करायचं दुकान माझं. वडिलांनी चालवलं, आता मी चालवते. आर्लिसचं नाव मी एकाहून जास्त वेळा ठोकलंय, आणि दर वेळी तिने "स्पेलिंग बरोबर आहे ना?" असं विचारून माझं डोकं उठवलंय.

मग तिचा उजवा डोळा गेला. म्हणजे पूर्ण नाही. मधोमध एक करडा डाग बसला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, तो आता जायचा नाही.

"ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं," ती मला म्हणाली. "बाकी आजूबाजूचं सगळं दिसतं. रॉइसची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. फायदाच झाला म्हणायचा."

मी हसले, आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. आयुष्यभर त्याच डोळ्याने तिने नेम धरला होता.

रॉइस टॅकेट हा आमचा गवताच्या गासड्यांचा व्यापारी. सलग दोन वर्षं तबकडी त्याचीच. जीभ तिखट, पण माणूस वाईट नाही. त्या वर्षी स्पर्धेला क्लबाच्या वतीने त्याने एक घडीची खुर्ची आणली, हाताशी कप ठेवायला जागा असलेली, आणि ती दुर्बिणीपाशी मांडली. "आर्लिस, ही तुझी. आता आरामात बसायचं, कॉफी प्यायची आणि आमच्या गोळ्या मोजायच्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना फार बरं वाटलं. आर्लिस बसली. दिवसभर डावा डोळा दुर्बिणीला लावून दुसऱ्यांसाठी "लागली!" ओरडत राहिली. संध्याकाळी तिला उठवायला मी हात पुढे केला, तर तिने तो धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते मुळीच आवडलं नाही.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ती दुकानात आली आणि आपली बंदूक माझ्या टेबलावर आडवी टाकली.

"हिला डाव्या खांद्याची कर. आता नेम डाव्या डोळ्याने."

"अगं, डाव्या खांद्याला डावखुरी बंदूक लागते," मी म्हटलं. "दर गोळीला मागेपुढे ओढायचा तो बोल्ट हिला उजवीकडे आहे. नवीन घे."

"बंदूक माझी चांगली आहे. डोळा बिघडलाय, बंदूक नाही. लाकडी दस्ता काढ आणि ती नवी चासी बसव. रॉइस मिरवतो ना, तसली."

चासी म्हणजे लाकडी दस्त्याऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा. नळी आणि बोल्ट त्यात बसवायचे, आणि मग गाल टेकायची गादी, खांद्याचा भाग, हाताची मूठ, सगळं स्क्रू फिरवून आपल्या मापाचं करायचं किंवा बदलून दुसरं लावायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे लोक लग्नाला जोडीदार निवडताना करत नाहीत तेवढी चर्चा चासीवर करतात, आणि मग शेवटी शेजाऱ्याने घेतली तीच घेतात.

बातमी लागायला वेळ लागला नाही. रॉइस आपली जादा चासी घेऊन हजर झाला. सगळ्यात जड, पोटात पितळेची वजनं भरलेली. "जड म्हणजे स्थिर," तो म्हणाला. "बंदूक जागची हलता कामा नये. हे काय मी तुला शिकवायचं?"

मी बसवून दिली. आर्लिस दुकानाच्या फरशीवर पोटावर झोपली, रिकाम्या बंदुकीने खिडकीबाहेरच्या धान्याच्या कोठीवर नेम धरला. बंदुकीवरच्या दुर्बिणीतला काटा जरासुद्धा थरथरला नाही. दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, झालं काम.

आर्लिस उठली, गुडघे झटकले. "मी काय पोटावर झोपून मेंढ्या मोजते? स्पर्धेत फाटक असतं. नेल, गाडी काढ," तिने मला फर्मावलं.

तिच्या वाड्याच्या फाटकापाशी आम्ही बर्फात उभ्या राहिलो. खालच्या आडव्या दांड्यावरून मधल्यावर, मधल्यावरून वरच्यावर बंदूक न्यायची, दर वेळी नव्याने नेम धरायचा. दुसऱ्याच खेपेला तिचे हात भरून आले. तिसऱ्या खेपेला बंदूक फाटकावर आपटली आणि आतल्या मेंढ्या पळाल्या.

"नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली. "ही रॉइसला परत दे. त्याचं नाक मोठं आहे."

दुसरी चासी मी मागवली. हलकी, घडी घालता येणारी, देखणी. पण तिची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली. आर्लिसचा डावा अंगठा कुठेच टेकेना. दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली, आणि ती चासीही गेली.

तिसरी आली ती पाहून मीच नाक मुरडलं. राखाडी, ठोकळेबाज, जत्रेत हरवली तर कुणी उचलणार नाही अशी. पण तिची मूठ दोन्ही हातांना सारखी, अंगठा कुठल्याही बाजूला ठेवा. गालाची गादी स्क्रू सोडून दुसऱ्या बाजूला सरकवता येई. वजनाचे तुकडे हवे तेवढे लावा, नको तेवढे काढा. आर्लिसने डाव्या खांद्याला लावली, उजव्या हाताने बोल्ट मागे ओढला, आणि बोल्टाची मूठ सरळ तिच्या गालफडावर बसली.

मी तोंडावर हात ठेवला.

"हसायचं तर मोकळेपणी हस," ती गाल चोळत म्हणाली.

चार दिवस गालावर निळा डाग घेऊन ती गावात फिरली. किराणाच्या दुकानात रॉइसने गाठलंच. "काय गं आर्लिस, बंदुकीने उलटून मारलं वाटतं? उलटी धरली की असंच होणार. खुर्ची बरी होती ना?"

"तुझी खुर्ची तुलाच लखलाभ," आर्लिस म्हणाली. "मी येतेय."

पण त्या रात्री जेवताना माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या भावाने, "आता पुरे कर ना, ताई" म्हटल्यावर तिने काटा खाली ठेवला. "बसले की मी संपले, कर्ट," ती म्हणाली. एवढंच. कर्टने तिच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

सकाळी ती दुकानात आली ती कोकरं जन्मायच्या दिवसांत घालते तो जाड कोट घालूनच. "मापं या कोटावर घे."

"दुकानात उकडतंय, काढ तो."

"स्पर्धा तुझ्या शेगडीपाशी होते का? तुम्ही सगळे शर्टावर मापं घेता आणि मग कुरणात कोट चढवून म्हणता, दुर्बीण बिघडली. नाचता येईना अंगण वाकडं."

बाई बोलली ते खरं होतं, आणि मला आणखीच राग आला. कोटावर मापं घेतली. खांद्याचा भाग असा बसवला की तिचा चेहरा बोल्टाच्या वाटेत येईना, बंदुकीवरची दुर्बीण तेवढीच मागे सरकवली, गालाची गादी केसभर उचलली. मग पुन्हा फाटक. पुन्हा दुकान. पुन्हा फाटक. वजनाचा एक तुकडा लावला, काढला, पुढे सरकवून लावला. शेवटी एका सकाळी तिने बंदूक वरच्या दांड्यावर टेकवली, उजवा गाल ठेवायच्या जागी डावा गाल ठेवला, आणि नुसती हसली.

"नेल, इकडे बघ. डावा हात कुठे आहे?"

"मुठीवर. चापापाशी."

तिने उजव्या हाताने बोल्ट मागेपुढे केला. "आता कुठे आहे?"

डावा हात जागचा हललाच नव्हता. आम्ही बाकीचे सगळे दर गोळीनंतर चापावरचा हात काढून बोल्ट ओढतो, परत मूठ धरतो, परत बोटाची जागा शोधतो. हिला ते करावंच लागत नव्हतं. उलटी बंदूक म्हणून जिला सगळे हसत होते, तिच्यात हा डाव लपलेला होता. मी तिला मिठी मारली. तिने झिडकारलं, अर्थात.

उन्हाळाभर ती मेंढ्यांचं काम आटोपलं की फाटकावर जायची. डावा डोळा सुरुवातीला आळशी पोरासारखा वागला, मग कामाला लागला.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ शिशासारखं झालं आणि दुपारनंतर बर्फाचे कण वाऱ्याबरोबर आडवे येऊ लागले. सगळ्यांनी कोट चढवले, आणि तिथेच मजा सुरू झाली. शर्टावर बेतलेल्या चास्या कोटावर बसेनात. कुणाच्या दुर्बिणीत काळी कडा दिसू लागली, कुणाचा खांदा अडकू लागला. रॉइस सगळ्यांच्या पुढे होता, पण फाटकाची पाळी आली तेव्हा त्याने वैतागून कोट काढून फेकला आणि कुडकुडत शर्टावर गोळ्या झाडल्या. खालच्या दांड्यावर छान गेलं. मधल्यावरून वर जाताना ती जड बंदूक वर चढता चढेना. शेवटची गोळी बाकी असतानाच शिटी वाजली.

राहिली फक्त आर्लिस. तिला तबकडी हवी असेल तर फाटकावरची एकही गोळी चुकवून चालणार नव्हतं. मोजायला माणूस हवा होता, आणि ज्याची पाळी झाली त्याने मोजायचं हा नियम. रॉइस कोट ओढून घेत त्याच खुर्चीत बसला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

शिटी वाजली. खालचा दांडा. गोळी. टेकडीवरून पाटीचा आवाज यायच्या आत तिच्या उजव्या हाताने बोल्ट फिरवला होता.

"लागली," रॉइस म्हणाला.

दुसरी. "लागली." मधला दांडा. बंदूक अशी चढली, जसं पाळण्यातलं मूल उचलून कडेवर घ्यावं. वारा वाढला. तिने वाड्याच्या कुंपणाला अडकलेल्या लोकरीच्या झुपक्याकडे एकदा पाहिलं, तो केवढा फडफडतोय ते पाहिलं, आणि नेम जरा सरकवला. "लागली." "लागली!" आता रॉइसचा आवाज चढला होता. वरचा दांडा. माझ्या शेजारी कर्ट टोपी पिळत उभा होता. "लागली!"

शेवटची पाटी सगळ्यात लहान, ताटलीएवढी. वेळ भराभर सरत होता. आर्लिस थांबली. मला वाटलं, डोळा गेला, डाग या डोळ्यातही आला. पण ती वाऱ्याची वाट बघत होती. लोकर क्षणभर फडफडायची थांबून लोंबली, आणि तिने चाप ओढला.

रॉइस काही बोलेना. पाटीचा आवाज वाऱ्याने खाल्ला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला, तर तो ओला होता, आणि थंडीमुळे असं तो अजूनही सांगतो.

"लागली!" तो ओरडला. "अगं बये, लागली! मधोमध लागली!"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. कर्टने मला उचललं, मी त्याच्या पाठीत गुद्दे घातले, मेंढ्या वाड्याच्या पार त्या टोकाला पळाल्या. मी मोठमोठ्याने रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. आर्लिसने शांतपणे बोल्ट उघडला, बंदूक रिकामी असल्याचं दाखवलं, खांद्याला अडकवली आणि खुर्चीपाशी गेली. रॉइस घाईघाईने उठायला लागला, "तुझी खुर्ची, आर्लिस" म्हणत.

आर्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

"बस, बस," ती म्हणाली. "शोभतोस तिथे."