बापूंचा शर्यतीचा माळ

सुनीताचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या ऑफिसात होतो. "काका, बापू गेले... सकाळी चहा मागितला, अन् कप तसाच राहिला." एवढंच ती बोलली. त्याला आता पाच आठवडे होतील. बापू म्हणजे तिचे वडील, डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचे शेतकरी. आमच्या भागात एके काळी कुत्र्यांच्या शर्यतींचा माळ होता आणि तो या एका माणसानं उभा केला होता, हे आता तिथल्या तरण्या पोरांनाही खरं वाटत नाही.

नव्वदच्या दशकात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं तेव्हा, तिकडच्या एका छोट्या गुरांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. मी वसमतचा, बौद्ध घरातला, खात्यात नवखा. तांड्यावर मला कोण विचारणार, अशी धाकधूक होती. बापूंनी पहिल्याच दिवशी जेवायला बसवून घेतलं. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहिलं होतं. त्या प्रवासात सोबत चालणाऱ्या कारवानी कुत्र्यांची जात घरात टिकून होती. लांब तोंडाची, पोट खपाटीला गेलेली, वाऱ्यासारखी. लोक जिवंत ससा सोडून ती पळवायचे, ते बापूंना सोसायचं नाही. त्यांनी आपल्या पडीक माळावरचे दगड वेचले, चुन्याच्या दोन रेघा ओढल्या आणि टोकाला एक सायकल उलटी रोवली. हातानं पायडल फिरवलं की मागच्या चाकावर दोरी गुंडाळत जाई, दोरीला बांधलेलं चिंध्यांचं बोचकं माळावरून सुसाट पळे, आणि त्याच्यामागं कुत्री. पैज लावायची नाही, हा बापूंचा दंडक. जिंकणाऱ्याला फेटा. होळी झाली की पार कुरुंद्यापासून माणसं कुत्री घेऊन येत. सगळ्यांत पुढं असायची बापूंची हरणी.

एका वर्षी शर्यतीच्या महिनाभर आधी मी तांड्यावर लस टोचायला गेलो. पिसाळण्याविरुद्धची लस, ती थंडच ठेवावी लागते, नाहीतर निकामी होते. दवाखान्यात दोन दिवस लाईट नव्हती. तांड्यावर थर्मास उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, तेही कोमट... परत जायला हवं होतं. पण समोर माणसं कुत्री धरून उभी होती. मी हरणीसकट सगळ्या कुत्र्यांना लस टोचली, रजिस्टरात लिहिलं आणि निघालो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हरणीच्या तोंडातून लाळ गळू लागली. जबडा नीट मिटेना, ती स्वतःभोवती फिरत राहिली. नऊ वर्षांची सुनीता तिला भाकर भरवायला गेली आणि तिच्या मनगटात दात रुतले. मी पोचलो तोवर माणसं काठ्या घेऊन जमली होती.

"मारू नका!" मी ओरडलो. "दहा दिवस बांधून ठेवा. कुत्री जगली तर पोरीला धोका नाही."

"अन् मेली तर?" बापूंनी विचारलं.

शर्यत रद्द झाली. त्याच दिवशी सुनीताला तालुक्याच्या गावी नेलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज एक, रोज एसटीनं. इकडं हरणी बाभळीला साखळीनं बांधलेली. बापू दहा हातांवर बसून तिच्या तोंडाकडं बघत राहत. ती पाण्यापाशी गेली की त्यांचा श्वास अडके. प्याली की सुटे. मी रोज सायकलवर जाई. वळण आलं की आधी साखळीला हरणी उभी आहे का, ते बघे.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. "बापू, लस गरम झाली होती. मला माहीत होतं."

त्यांनी आजूबाजूला कुणी आहे का पाहिलं. मग म्हणाले, "कुणाले सांगू नका. लोक उद्या लसच टोचू देणार न्हाईत... पण तुमी रोज येऊन राहिले ना, तसंच या. माझ्याबराबर बसा."

मी बसलो. अकराव्या दिवशी हरणी जिवंत होती, नुसता हाडांचा सापळा. दोघांनी मिळून तिचा जबडा उघडला. वरच्या दाढांमध्ये हाडाचा तुकडा आडवा रुतून बसला होता, भोवती पू झाला होता. चिमट्यानं तो काढला आणि बापू तिथंच मातीत बसून रडले. सुनीताची उरलेली इंजेक्शनं थांबली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल उपटून टाकली. लोक विनवायला आले, चिडून गेले. मीही विचारलं, "आता काहून बंद करता? हरणी तर वाचली."

"दहा दिवस मी कुत्रीच्या तोंडाकडंच पाहून राहिलो, साहेब," ते म्हणाले. "पोरगी पोटावर हात ठेवून घरात पडली होती, तिच्याकडं बघायचं भेवच वाटलं. आता हे न्हाई."

पुढं त्या माळावर लोक हळद वाळवू लागले.

बापूंचे दिवस झाल्यावर मी तांड्यावर गेलो. सुनीता दारातच भेटली. ती आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. चहा झाला, आणि जे बापूंनी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं. तिनं नकळत मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"बापूले माहीत होतं?"

"चौथ्या दिवसापासून."

ती बाहेर बघत राहिली. माळावर ऊन होतं, बायका हळद पसरत होत्या. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल... ती म्हणाली, "काका, मले आजवर वाटायचं, तुमी हरणीसाठी येत होते, माझ्यासाठी न्हाई."

मग ती उठली. बापूंची बाज भिंतीला उभी करून ठेवली होती, ती तिनं ओढत ओसरीत आणली, रोजच्या जागी, माळाकडं तोंड करून टाकली.

"बसा," ती म्हणाली. "जेवूनच जा."