भाताचं दुकान, अल्बनी

किवींच्या देशातल्या आमच्या अल्बनीत जुने मराठी स्टुडंट्स एकत्र बसले की चहाच्या पहिल्या कपालाच पार्टटाइम जॉबचे किस्से सुरू होतात. आता आम्ही सगळे इथलेच झालो, पण २००५च्या आसपासच्या त्या गोष्टी काही संपत नाहीत. उलट दरवर्षी वाढतात!

*

सुमेध आमचा पुणेकर फ्लॅटमेट. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, जॉब मागायला गेला, तो सीव्हीसोबत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन! त्यात 'वर्तणूक: चांगली' असा शेरा. त्याचं इंग्रजी भाषांतरही सोबत. मालकाने ते दोनदा वाचलं, काउंटरमागे भिंतीवर चिकटवलं आणि म्हणाला, "मेट, आता मलाही नीट वागावं लागणार!"

*

मनीषा नाशिकची. मोटेलमध्ये इंटरव्ह्यूला गेली आणि सवयीने चपला ऑफिसच्या दाराबाहेर काढून आत शिरली. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. बिचारी पाय लपवायला लागली! तेवढ्यात मॅनेजर टेबलामागून उठून आला. तोही अनवाणीच!

"स्वीट ॲज! एकदम झकास! मंडेपासून ये," एवढाच इंटरव्ह्यू.

*

माझी गत जरा वेगळी. मी इथे आले आणि पाचव्या महिन्यात साताऱ्याला बाबा गेले. तिकिटाची सोय झाली नाही, मला जाता आलं नाही. निदान वर्षश्राद्धाला तरी घरी पोचायचं, या एका हट्टाने मी जॉब शोधत होते.

शेवटी एका सुशीच्या दुकानात शिरले. मालकीण मिचिको-सान, साठीच्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं जपानी चार शब्दांचं, तेही लायब्ररीतल्या पुस्तकातलं. त्यांनी पुष्कळ काही विचारलं, मी प्रत्येक प्रश्नाला मान डोलावली. मग त्यांनी तांदूळच पुढ्यात ठेवले. मी धुतले आणि घरच्यासारखं धुवण बाहेरच्या कुंडीत ओतलं. मिचिको-सान कुंडीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन माझ्यासाठी एप्रन घेऊन आल्या.

*

आईला फोन केला.

"कसलं दुकान गं?"

"भाताचं."

"भात विकत घेतात लोक?"

"हीप्स लोक घेतात, आई! ढिगाने!"

माशांचं नाव मी काढलं नाही. मग आई म्हणाली, "हे असते तर चार दिवस हसले असते." फोन ठेवल्यावर मला बाबांची इतकी आठवण आली की काही सुचेना.

*

दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर एका गृहस्थांचा फोटो होता. भात शिजला की मिचिको-सान पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेवायच्या. एके दुपारी मी उपाशी होते, घरही फार आठवत होतं. नैवेद्य दाखवून झालाय, म्हणजे आता हा प्रसादच की! हात जोडले आणि उभ्या उभ्या वाटी संपवली.

वळले, तर मागे मिचिको-सान!

"माय हजबंड. हिज राइस," त्या म्हणाल्या.

जॉब गेला, तिकीट गेलं, वर्षश्राद्धही हुकलं! मी इंग्रजीत, मराठीत, सुचेल तसं सगळं भडाभडा सांगत सुटले. आमच्याकडेही गेलेल्या माणसाला आधी वाढतात, बाबा गेले, मी पोचलेच नाही...

"बाबा?" त्यांनी विचारलं.

"फादर."

मिचिको-सान रिकामी वाटी घेऊन धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले, तर फळीवर भाताच्या दोन वाट्या होत्या. मिचिको-सान हात जोडून नवऱ्याच्या फोटोशी बोलत होत्या, बराच वेळ, जपानीत. मला त्यातले दोनच शब्द कळले. माझं नाव आणि 'बाबा'.