भंडार उचललेल्या गावाचं मत

मत एकदा दिलं की संपतं. त्याच्या गोष्टी मात्र संपत नाहीत! आमच्या गावात चार माणसं एकत्र बसली, तंबाखू मळून झाली, की कुणीतरी म्हणतोच, "त्या निवडणुकीत काय झालतं, माहीत हाय ना?" माहीत सगळ्यांना असतं. तरी पुन्हा ऐकतात आणि दर वेळी कुणीतरी भांडतंच.

काळ इंग्रजांचा. तेव्हा सरसकट सगळ्यांना मत नव्हतं. ठरावीक सारा भरण्याइतकी जमीन ज्याच्या नावावर, त्यालाच. आमच्या गावात असे मोजकेच लोक. बाकीचं गाव आम्हाला चिडवून 'मतवाले' म्हणायचं. मी त्यांतला वयानं सगळ्यांत लहान. बाप नुकताच गेला होता आणि वावर माझ्या नावावर झालं होतं. लिहिता-वाचता येणारा मी एकटाच. बाकी सगळे अंगठेबहाद्दर.

हे सांगायचं कारण असं, की ज्याला वाचता येत नाही त्यानं मंगरूळपीरच्या पोलिंगवर जाऊन ऑफिसरला नाव तोंडानं सांगायचं, आणि ऑफिसरनं पेन्सिलीनं फुली मारायची. दोन्हीकडचे एजंट बाजूला कान टवकारून बसलेले. झाकलं मत आमच्या गावाला ठाऊकच नव्हतं!

* * *

नागपूरच्या कौन्सिलाच्या पहिल्या निवडणुकीत आमच्या पक्षाचे तात्यासाहेब उभे होते. वाशीमचे मोठे वकील, बोलायला गोड. समोर इजारदाराच्या पक्षाचा माणूस. इजारदार म्हणजे शेजारच्या आख्ख्या गावाचा मालक. तिथलं प्रत्येक वावर त्याचं, कसणारे सगळे त्याची कुळं. आमच्या गावचेही काही जण तिकडे वावर कसायचे, म्हणून त्याची भीती आमच्याही घरात होती.

ती भीती मोडायला दौलतमामा पुढे झाले. साऱ्या गावाचे ते मामा. पंचायतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मतवाल्यांना महादेवाच्या देवळात नेलं आणि पिंडीवरचं बेलाचं पान अन् हळदीचा भंडार उचलायला लावला. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडली तर त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही.

मामा म्हणाले, "पक्ष सांगंल त्याले मत. जिवात जीव हाय तोवर."

नारायण नावाचा एक तापट गडी होता, माझ्याहून थोडा मोठा. तो म्हणाला, "मामा, या खेपेपुरतंच म्हणा ना. पुढचं कोनं पाह्यलं?"

मामा कडाडले, "देवाले मुदत सांगतं का रे? तो काय कचेरीतला कारकून हाय?"

नारायणानं मुकाट्यानं भंडार उचलला. मीही उचलला.

* * *

गंगाकाकू विधवा. वावर त्यांच्या नावावर, म्हणून त्यांनाही मत. पण तात्यासाहेबांचं पाळण्यातलं नाव नेमकं काकूंच्या सासऱ्याचं! सून सासऱ्याचं नाव कशी घेणार? मतदानाच्या दिवशी पोलिंगवरचा ऑफिसर नागपूरकडचा, तरणाबांड. तो विचारतोय आणि काकू पदर ओढून गप्प. रांग खोळंबली. एजंट ओरडायला लागले.

शेवटी काकू म्हणाल्या, "सायेब, तुमीच एकेक नाव वाचा. माह्या माणसाचं आलं, की मी खोकतो."

ऑफिसरनं पहिलं नाव वाचलं. इजारदाराच्या माणसाचं. आणि त्याच क्षणी खिडकीतून धुराळा आला, काकूंना जोरात ठसका लागला!

फुली पडली. काकू हातानं नाही नाही म्हणतायत, पण ठसका थांबेना. ऑफिसरनं कागद पेटीत टाकून "पुढचा!" म्हटलं.

काकू घरी येऊन जेवल्या नाहीत. "माहा ठसका खरा होता रे, बाप्पा!" म्हणून मामांपुढे रडल्या. मामांनी त्यांना देवळात नेऊन नारळ फोडायला लावला, तेव्हा कुठं त्यांनी भाकरी खाल्ली. आम्ही हसत होतो. शपथेची धास्ती किती होती, ते मात्र मला त्या दिवशी कळलं.

* * *

तात्यासाहेब निवडून आले. गावानं गुलाल उधळला. अन् ऐन पेरणीत इजारदाराचे दिवाणजी घोड्यावर बसून मामांच्या वावरात आले.

मामांचं स्वतःचं वावर कोरडवाहू होतं. खरं पिकणारं वावर ओढ्याकाठचं, इजारदाराच्या गावातलं. आजाच्या काळापासून तेच कसत होते. विहीर त्यांच्या बापानं स्वतः खणलेली. दिवाणजी घोड्यावरूनच म्हणाले, "दौलतराव, तिफण सोडा. मालकाला हे वावर दुसऱ्याला द्यायचं आहे."

अर्धं वावर पेरून झालं होतं. मामा म्हणाले, "पेरणीचा हा तास तर बांधापर्यंत पुरा करू द्या."

"नाही."

मामांनी बैल सोडले. पेरणीची तिफण खांद्यावर घेतली आणि गावातून, सगळ्यांच्या दारांपुढून, चालत घरी आले. कुणीतरी विचारलं, "मामा, काय झालं?" तर म्हणाले, "काई नाई. मत महाग पडलं जरासं!"

त्या वर्षी त्या वावरात मामांनी पेरलेली अर्धी ज्वारी दुसऱ्यानं कापली. मला अजूनही ते आठवलं की संताप येतो.

* * *

मग एके दिवशी मंगरूळपीरच्या बाजारातून बातमी आली. नागपूरला कुणालाच बहुमत नाही, म्हणून आमच्या पक्षानं आणि इजारदाराच्या पक्षानं मिळून सरकार केलं!

नारायण म्हणाला, "म्हंजे? ज्यायच्यासाठी आपण मार खाल्ला, ते मारनाऱ्याच्याच पंगतीले बसले?"

कुणाचाच विश्वास बसेना. मामा, नारायण आणि मी, तिघं बैलगाडीनं वाशीमला गेलो. तात्यासाहेबांच्या दारात इजारदाराची मोटार उभी! ड्रायव्हर काच पुसत होता.

तात्यासाहेबांनी आम्हाला चहा दिला. म्हणाले, "मामा, राज्य चालवायचं म्हणजे तडजोड करावी लागते. तत्त्व आम्ही सोडलेलं नाही."

मामा बशीतला चहा तसाच धरून बसले. "तुमची तडजोड झाली, चांगलं झालं. आता त्यायच्याशी बोलना हाय तुमचं, तं माह्या वावराचं तेवढं इचारा."

तात्यासाहेब हसले. "अहो, असले प्रश्न कौन्सिलात येत नाहीत."

"मंग कौन्सिलात येते काय?"

चहा निवून गेला. परत गावात शिरल्यावर पहिल्या भेटल्या त्या गंगाकाकू. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पाहा! मले देवानं आंधीच ठसका देल्ला होता!"

* * *

दुसरी निवडणूक आली आणि तिकीट जाहीर झालं. आमच्या पक्षाचा उमेदवार कोण? इजारदाराचा सख्खा पुतण्या, भैयासाहेब! तडजोडीत ते आमच्या पक्षात आले आणि तात्यासाहेबांची जागा त्यांना सुटली. पक्षातलेच एक मास्तर रागावून बाहेर पडले आणि त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले. मास्तर भला माणूस. पायी गावोगाव फिरायचा, आमच्याच ओट्यावर भाकरी खायचा.

मत मास्तरला द्यावं, हे गावात सगळ्यांना पटत होतं. पण भंडार? शपथ पक्षाची होती, माणसाची नव्हती, आणि मुदतही नव्हती!

नारायण देवळातल्या गुरवाकडे गेला. "बावा, उचललेला भंडार वापस ठेवता येते का?"

गुरव म्हणाला, "मी दिवा लावतो, बेल वाहातो. उचललेलं वापस घ्याचं मले कोनं शिकवलं नाई."

"मंग आमी काय करावं?"

"ज्यानं उचलाले लावला, त्याले इचारा."

नारायण तिथून तडक मामांच्या घरी. आम्ही सगळे मागं. नारायण अंगणातूनच ओरडला, "मामा, ज्यानं तुमची तिफण सोडवली, त्याच्या पुतण्याले मत देऊ का आमी? सांगा! तुमच्यासाठी देतो मी, पन तुमी तोंडानं सांगा!"

मामा खाटेवर बसून होते. म्हणाले, "इचार करून राह्यलो."

"लय दिवस झाले इचाराले!"

"शपथ उचलाले एक घडी लागते, लेका. ठेवाले लागत अशीन जास्त."

त्या दिवसापासून नारायण मामांशी बोलेनासा झाला. सख्ख्या मामा-भाच्यांत पडावी तशी तेढ पडली. पाणवठ्यावर बाया बाया भांडल्या. मतवाले दोन ओट्यांवर बसायला लागले, आणि मी कोणत्या ओट्यावर बसतो याकडे दोन्हीकडचे डोळे! मी घरीच बसलो.

* * *

त्यात दिवाणजी पुन्हा आले. या खेपेला घोड्यावरून खाली उतरले. भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दौलतराव, झालं गेलं विसरा. आता आपण एकाच पक्षाचे! तुमचं मत भैयासाहेबांना पडलं, की दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या वावरात आउत घाला, कसायला लागा. मालकाचा शब्द आहे."

सगळा चौक मामांच्या तोंडाकडे बघत होता.

आता मामांची कोंडी पुरी झाली. शपथ पाळली, तर लोक म्हणणार, वावरासाठी विकला गेला. मोडली, तर ज्यानं गावाला भंडार उचलायला लावला त्यानंच देवाला फसवलं. मामा मागं वळले. घरात गेले आणि दार लावून घेतलं.

नारायण दात खाऊन म्हणाला, "नाई म्हनाचं, एवढंबी झालं नाई त्यायच्यानं!" खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. मला मामांची त्या दिवशी लाज वाटली.

* * *

मतदानाच्या दिवशी पक्षाच्या बैलगाड्या गावात आल्या. बैलांना झुली, गाडीत गादी. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या गाडीत बसलात त्याचंच मत. गाडीत बसून दुसऱ्याला मत दिलं, तर तो खाल्ल्या मिठाला जागला नाही असं धरतात.

गाडीवाला म्हणाला, "चला मामा, पहिली गादी तुमची."

मामा धोतर वर खोचून म्हणाले, "पाय हायेत मले." आणि निघाले. त्यांच्यामागं गंगाकाकू, त्यांच्यामागं आम्ही. थोडं अंतर सोडून, मान दुसरीकडे वळवून, नारायण. रिकाम्या गाड्या घुंगरं वाजवत मंगरूळपीरपर्यंत आमच्यामागं आल्या! गाडीवाल्यांना वाटेत कुणी हसलं, तर ते बैलांवर डाफरायचे.

* * *

पोलिंग शाळेत होतं. बाहेर कडुनिंबाखाली इजारदार स्वतः खुर्ची टाकून बसलेला. आमच्या गावची रांग लागली. पुढे मामा, त्यांच्यामागं नारायण, मग मी. नारायण मुद्दामच मामांच्या पाठीमागं उभा राहिला होता. त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

ऑफिसरनं विचारलं, "मत कोणाला?"

मामांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मास्तरचा एजंट पुढे झुकला. पक्षाचा एजंटही झुकला.

"पक्षाले," मामा म्हणाले.

"नाव सांगावं लागेल, बाबा."

"भैयासायेब."

पेन्सिलीची फुली पडली. कागद पेटीत गेला. मास्तरच्या एजंटनं मान खाली घातली. मला रडू येईल असं वाटलं.

दारातच दिवाणजी हार घेऊन उभे. "वा, दौलतराव! वावर तुमचं झालं! उद्याच आउत घाला!"

मामांनी हार हातानं बाजूला केला.

"वावर मालकाचं हाय. ते मालकालेच राहू द्या. मले नोको."

"अहो, पण शब्द दिलाय मालकानं!"

"मीबी देल्ला होता. साऱ्या गावाचा देल्ला होता म्या एकट्यानं. तो आज फेडला." एवढं बोलून मामांनी पटका डोक्यावर ठेवला आणि इजारदाराच्या खुर्चीसमोरून, त्याच्याकडे न बघता, गावच्या वाटेला लागले.

आत ऑफिसरनं "पुढचा!" म्हणून हाक मारली. नारायण जागचा हलेना. तो दारातून मामांच्या पाठीकडे बघत होता. मी त्याला मागून ढकललं, तेव्हा तो टेबलापाशी गेला.

पक्षाचा एजंट खुशीत होता. ऑफिसरला म्हणाला, "साहेब, विचारूच नका. हे सगळं गाव एकाच भंडाराचं आहे. मारा फुली!"

ऑफिसरनं पेन्सिल टेकवली आणि वर बघितलं. "काय हो, तुमचंही तेच का?"

नारायणानं उपरण्यानं डोळे पुसले.

"नाई सायेब. आमच्या गावचं मत मामा देऊन गेले. हे माहं हाय."