कुलूप कुणी मागितलं

इंदूरजवळ राऊला आमची कॉलनी दोन भागांत आहे. पुढे रो-हाउसेस, मागे फ्लॅट्सच्या दोन बिल्डिंगा, मधे बगीचा आणि एक छोटा हॉल. पुढे बहुतेक जुनी इंदुरी मराठी कुटुंबं. कुणाचे पणजोबा संस्थानाच्या कचेरीत होते, हे ओळख झाल्या झाल्या कळतं. मागे आम्ही. माझे वडील महूला फौजेत होते, आम्ही बौद्ध. आमच्यासारखी थोडी घरं आणि बाकी नोकरीसाठी बाहेरून आलेले.

दोन्हीकडच्यांत भांडण असं नव्हतं, बोलणंच नव्हतं. त्यांच्या गाड्या आमच्या वाटेत, आमची मुलं त्यांच्या भिंतीवर. तक्रार असली की आम्ही कॉलनी समितीच्या अध्यक्षांकडे जायचो, तेही अध्यक्षांकडेच जायचे.

अध्यक्ष रिटायर्ड इंजिनीअर होते. आवाज कधी चढवला नाही. चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आप चिंता मत करो भाभीजी, मैं देख लूँगा." दुसऱ्या दिवशी बोर्डावर एक नियम लागायचा. आम्हाला वाटायचं, माणूस आपल्या बाजूचा आहे. पुढच्यांनाही अगदी हेच वाटत होतं, पण ते मला कळायला फार उशीर झाला.

नियम वाढत गेले. भाजीचा ठेला आत येणं बंद झालं. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे गेली. निवडणूक पुढे ढकलली, मग परत पुढे ढकलली, आणि कुणी काही बोललं नाही. निवडणूक झाली तर समोरचा गट वरचढ होईल, अशी धास्ती दोन्हीकडे होती. त्यापेक्षा हेच बरं.

एप्रिलमधल्या जयंतीसाठी आम्ही हॉल मागितला. ते हळहळून म्हणाले, "मुझे क्या दिक्कत, लेकिन सामनेवाले नहीं मान रहे." आम्ही मुकाट्याने आमच्या फ्लॅटमध्ये वंदना घेतली. भाद्रपदात पुढच्यांचा गणपती हॉलऐवजी एका घराच्या पोर्चमध्ये बसला. नवरा खिडकीतून बघून म्हणाला, "चलो, आता त्यांनाही कळलं." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी बगीच्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. मी फिरायला निघाले होते. समोरून रो-हाउसमधल्या एक बाई आल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना नुसती मान हलवत आलो होतो. त्यांनी कुलूप हलवून बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हे बरं केलंत हं तुम्ही लोकांनी."

"आम्ही? आम्ही काय केलं?"

"मुलं फुलं तोडतात म्हणून तुमच्याच बिल्डिंगवाल्यांनी कुलूप मागितलं ना? अध्यक्षजी स्वतः सांगून गेले."

"बाई, मला तर ते बोलले की रो-हाउसवाल्यांना आमची मुलं आत नकोत."

त्यांनी हातातलं कुलूप सोडलं. मी विचारलं, "आणि आमच्या जयंतीला हॉल? तुम्हीच नको म्हणालात ना?"

"आम्हाला कुणी विचारलंच नाही हो. गणपतीला मात्र तुम्ही हरकत घेतली असं ऐकलं."

"आमच्याकडेही कुणी विचारायला आलं नाही."

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. एकेक नियम काढत गेलो, आणि प्रत्येक नियम दोन्हीकडे 'समोरच्यांनी मागितला' असंच सांगून लावलेला निघाला. मला राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली. त्या माणसाने फार मोठं खोटं रचलं नव्हतं. आम्ही जे मानायला तयार बसलो होतो, तेवढंच त्याने सांगितलं. हुकूमशाही हा शब्द एका कॉलनीला फार मोठा आहे. पण तिला वाट कुठून मिळते, ते मी त्या कट्ट्यावर बघितलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "समोरचे म्हणतात अन् तू मानून घेतलंस?" मी म्हटलं, "मग तूच विचार अध्यक्षांना." तो नाही गेला. पण आम्ही दोघींनी रविवारी पार्किंगमध्ये दोन्हीकडच्यांची मीटिंग ठरवली तेव्हा खुर्च्या त्यानेच मांडल्या.

मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना शांतपणे म्हणाल्या, "आज दोनों तरफ के लोग यहाँ हैं. ताला किसने माँगा था, उसकी तरफ उँगली दिखा दीजिए." ते म्हणाले, "मैंने तो सबका भला ही सोचा था." मला वाटतं, ते त्यांना मनापासून खरं वाटत होतं. निवडणुकीची तारीख तिथेच ठरली. महिन्याभरात निवडणूक झाली. नवीन समितीत दोन्हीकडचे लोक आले.

आता कॉलनीत गोंगाट वाढलाय. लोक सरळ एकमेकांच्या दारात जाऊन भांडतात. परवा गाडी लावण्यावरून पुढच्या एका भियाने, म्हणजे इंदुरी भाऊने, नवऱ्याला चांगलंच सुनावलं, आणि यानेही ऐकून घेतलं नाही. बाईंची नि माझी फार मैत्री झाली असंही नाही. आरक्षणाचा विषय निघाला की त्या गप्प व्हायच्या, मीही व्हायचे. मागच्या आठवड्यात मात्र त्या गप्प राहिल्या नाहीत. त्यांना पटत नाही, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मीही माझ्या वडिलांचं सगळं शिक्षण कसं झालं ते सांगितलं. त्यांचं मत बदललं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्या या, बोलू अजून."